हाताने काढलेले ॲनिमेशन आणि संगणक

आमच्या वसतिगृहातील नववीच्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर दोन मिनिटांचे ॲनिमेशन करावयास घेतले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्यात दोन तट पडले. संगणक हाताशी असताना कागदावर शेकडो चित्रे काढीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे एका तटाचे म्हणणे. संगणकावरच्या चित्रांना जीव नसतो, असे दुसऱ्याचे. निवाड्यासाठी प्रकरण आमच्याकडे आले. आमचा विषय इतिहास. चित्रकलेतील आमची गती फळ्यावर नकाशा काढण्यापुरती. पण वाद कोठलाही असो, आधी त्याचा पूर्वेतिहास पाहावा, ही आमची जुनी खोड. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. हाताने काम करणारे चित्रकार बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. आमच्या मुलांच्या दोन मिनिटांना त्या हिशेबाने १,४४० चित्रे हवीत. मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या स्थिती काढतो आणि साहाय्यक त्यांच्या मधली चित्रे भरतो. पूर्वी ही चित्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर उतरवीत. पुढून शाईची रेषा, मागून रंग. असा ताव पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून वरच्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपली जाई. चौकट-चौकटीने चित्रण करण्याची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या अंकुराची वाढ याच रीतीने टिपली होती.

या कलेचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत सुरू झाले ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. १९५६ मध्ये डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवावयास आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन (१९३१–२०१९) होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले गेले. त्या विभागातून १९५७ मध्ये आलेला ‘द बनियन डीअर’ हा पट आमच्या शाळेला विशेष जवळचा वाटावा, कारण त्याची कथा निग्रोधमृग जातकातील आहे. गर्भिणी हरिणीची पाळी आली असता बोधिसत्त्व मृगराज स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो, ती कथा. तिच्या चित्रांसाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रेषेचा आधार घेतला गेला. अजिंठ्याच्या भिंतीवर जे शतकानुशतके स्तब्ध होते, ते सेकंदागणिक डझनभर चित्रांनी चालू लागले. आमच्या गांधारपाले लेण्यांकडे सहलीस जाणाऱ्या मुलांना हे सांगितले, तेव्हा एकाने विचारले, “सर, मग आपल्या लेण्यांतली शिल्पेपण चालवता येतील?” येतील, असे आम्ही म्हणालो; कोण चालवणार, हे मात्र विचारले नाही.

आता संगणकाकडे. हात आणि यंत्र यांमध्ये स्वच्छ सीमारेषा आहे, अशी आमचीही समजूत होती. ती टिकली नाही. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’मध्ये डिस्नेने शाईने गिरवण्याचे काम झेरॉक्सच्या यंत्राकडे दिले, आणि त्यामुळे चित्रकाराची पेन्सिलची खरखरीत रेषा तशीच पडद्यावर आली. हाताच्या ठशाच्या जवळ यंत्राने नेले, असा हा उलटा प्रकार. १९९० पासून तेथे कागदावरची चित्रे स्कॅन करून संगणकावर रंगवू लागले. ‘द लायन किंग’ (१९९४) पाहून आमच्या दुसऱ्या तटातील मुले ‘खरे हाताचे काम’ म्हणतात. त्यातील रंग संगणकाचा आहे. जपानच्या स्टुडिओ घिबलीने वापरलेले टून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ पासून ओपनटून्झ या नावाने विनामूल्य मिळते, आणि तेच आमच्या प्रयोगशाळेतील संगणकावर आहे. काटकसरीचा दोषही एकट्या संगणकाच्या माथी मारता येत नाही. चालण्याची एकच आवर्तने पुन्हा पुन्हा वापरणे, देह स्थिर ठेवून केवळ ओठ हलवणे, हे सारे सेल्युलॉइडच्या काळात रूढ झाले होते. आणि चित्रे थोडी म्हणून पट हिणकस, असेही नाही. विजया मुळे यांचा, भीमसेन यांच्या ॲनिमेशनचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) आम्ही दूरदर्शनवर पाहिला, तो आजही आठवतो.

मग फरक कोठे पडतो? मुलांच्या कामातच तो आम्हाला दिसला. सॉफ्टवेअरला हाताच्या दोन स्थिती दिल्या, एक खांद्यापाशी आणि एक पाण्यात, की मधली सर्व चित्रे ते स्वतः भरते. भरली. बाबासाहेबांचा हात तळ्याकडे सरळ रेषेत, एकाच वेगाने गेला, एखाद्या फाटकाचा दांडा खाली यावा तसा. पोलादपूरकडच्या एका वाडीतील मुलाने तेच दृश्य कागदावर काढले होते. त्याच्या चित्रांत हात कमानीसारखा वळतो, पाण्याच्या वर तीन चित्रे जवळजवळ थांबतो आणि मग ओंजळ होते. का थांबवला, असे विचारल्यावर तो म्हणाला, “पाणी घेताना आजी थांबते.” हाच थांबा पुढे संगणकावरही आणता आला, वेगाचा आलेख वाकवावा लागला, एवढेच. पण तो वाकवावा हे कळण्यासाठी आधी कोणीतरी आजीकडे पाहिलेले असावे लागते. सॉफ्टवेअरची घाई अशी की, पाहण्याआधीच उत्तर तयार असते.

चेहऱ्याचेही असेच झाले. मुलांनी तयार छायाचित्र गिरवून घेतले, ते उतारवयातले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ३५ वर्षांचे होते, हे आम्हाला मध्ये पडून सांगावे लागले. नवा चेहरा काढावयास चार दिवस गेले.

आणि मग समूह. तळ्याकडे निघालेली माणसे दाखवण्यासाठी मुलांनी सहा आकृत्या केल्या आणि संगणकाने त्यांचे शेकडो केले. दोन मिनिटांचे काम. पडद्यावर पाहताना एक मुलगी म्हणाली, “सर, ही सगळी एकच माणसे आहेत. सगळ्यांचा डावा पाय एकदम उचलतोय.” खोली शांत झाली. ज्यांना गावाने कधी नावाने ओळखले नाही, त्यांनाच आम्ही शिक्का मारल्यासारखे छापत होतो. त्यानंतर वर्गातील प्रत्येकाने एक माणूस स्वतः काढावा असे ठरले: आपल्या घरातला, आपल्या चालीचा. एकाने लंगडणारे चुलते काढले, एकीने कडेवर मूल घेतलेली आई. ते कागद स्कॅन करून ओपनटून्झमध्ये पुढे-मागे लावले. रांग लहान झाली. ती आम्हाला अधिक खरी वाटते.

कागदाच्या कैवाऱ्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१९ च्या तुकडीने काढलेली चित्रे तळमजल्यावरील कपाटात होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, तेव्हा त्यांचा लगदा झाला. त्या काळात घरे आणि माणसे गेली. आमच्या कागदांचे दुःख सांगण्याचीही लाज वाटावी. आणि संगणकाच्या कैवाऱ्यांना दुसरी: एका माजी विद्यार्थ्याने फ्लॅशमध्ये केलेला छोटा पट सीडीवर सुरक्षित राहिला, परंतु २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेयर बंद झाल्यापासून तो शाळेच्या संगणकावर उघडत नाही. यंदाची चित्रे म्हणून आम्ही दोन्हीकडे ठेवली आहेत, आणि कपाट वरच्या मजल्यावर नेले आहे.

दोन मिनिटांचा पट शेवटी एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला. ओंजळ उचलल्यावर तळ्यावर उमटणारी वलये तेवढी पूर्णपणे संगणकाने काढली आहेत. कागदावर तीनदा प्रयत्न करूनही ती मुलांना साधली नव्हती.