ट्रेडिंग सुरू करायचंय? पण किती पैशांनी? शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी साधं गणित

चाकण, भोसरी, तळवडे. कंपनीच्या बसमध्ये बसलं की आजूबाजूच्या चार मोबाईलपैकी एकावर तरी हिरव्या-लाल कँडल दिसतातच. मग चहाच्या टपरीवर प्रश्न येतो, "सुरुवातीला किती टाकू? दहा हजार की पन्नास?"

याचं उत्तर शेअर बाजारात नाही, तुमच्या सॅलरी स्लिपमध्ये आहे.

आधी हे आकडे बघा

सेबीच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर 10 पैकी 7 जणांचं नुकसान झालं. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण 76 टक्के होतं. फ्युचर्स-ऑप्शन्सचं चित्र तर आणखी वाईट. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त होता.

म्हणजे पहिली रक्कम ही 'कमाईचं भांडवल' नाही, शिकण्याची फी आहे. फी किती परवडते, तेवढंच ठरवायचं.

मग रक्कम कशी ठरवायची?

समजा, हातात पगार येतो 22,000. खोलीभाडं 4,000, मेस 3,500, गावी 8,000, गाडीचा हप्ता 3,000. उरले 3,500.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे पैसे बुडाले तर परत जमवायला किती महिने लागतील?

10,000 गेले तर साधारण तीन महिने. 50,000 गेले तर चौदा महिन्यांहून जास्त. तीन महिन्यांच्या पुढे उत्तर जात असेल, तर रक्कम मोठी आहे.

त्याआधी किमान तीन महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला हवा. या उदाहरणात तो 55,500 होतो. कंत्राटावर असाल तर सहा महिन्यांचा ठेवा, कारण ब्रेक कधी मिळेल सांगता येत नाही. लोन ॲप, क्रेडिट कार्ड किंवा मित्राकडून उसने घेऊन ट्रेडिंग करणं तर नकोच.

10,000 मध्ये जमतं का?

शिकण्यापुरतं नक्की जमतं. एका सौद्यात भांडवलाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त जोखीम नको, हा जुना नियम. म्हणजे 200 रुपये. शेअर 400 ला घेतला आणि स्टॉपलॉस 390 ला लावला, तर एका शेअरमागे जोखीम 10 रुपये. म्हणून 20 शेअर, एकूण 8,000. भाव एकदम खाली उघडला तर तोटा 200 पेक्षा जास्त होऊ शकतो, हेही धरून चला.

दुसरी गोष्ट खर्चाची. काही ब्रोकर छोट्या ऑर्डरला कमी घेतात, पण समजा प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये ब्रोकरेज आहे. रोज पाच सौदे म्हणजे खरेदी-विक्रीच्या दहा ऑर्डर, 200 रुपये. महिन्याच्या 20 दिवसांत 4,000. दहा हजारातले चाळीस टक्के नुसत्या ब्रोकरेजमध्ये गेले, कर वेगळेच! म्हणून छोटं भांडवल असेल तर सौदेही मोजकेच.

ऑप्शन्स मात्र सुरुवातीला विसरा. नोव्हेंबर 2024 पासून निफ्टीसारख्या इंडेक्सच्या नव्या कॉन्ट्रॅक्टचं मूल्य किमान 15 लाख ठेवण्याचा नियम आहे. ऑप्शनचा प्रीमियम कमी दिसतो, पण तो शून्यही होतो.

शिफ्टचं काय?

बाजार चालतो सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. फर्स्ट शिफ्टला त्या वेळी तुम्ही लाईनवर आणि मोबाईल लॉकरमध्ये. नाईट करून आलात तर डोळ्यांवर झोप. अशा वेळी इंट्राडे म्हणजे डोळे झाकून गाडी चालवणं. त्यापेक्षा डिलिव्हरी घ्या आणि ॲपमधली जीटीटी ऑर्डर लावून ठेवा. ठरलेला भाव आला की विक्रीची ऑर्डर आपोआप जाते.

आणखी एक. इंट्राडे किंवा ऑप्शन्स एकदा जरी केलं, तरी ते उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं. मग पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, साधारणपणे आयटीआर-3 भरावा लागतो.

रक्कम कधी वाढवायची?

सहा महिने प्रत्येक सौदा वहीत लिहा. खर्च वजा करून हिशोब जमेत असेल, तरच थोडी वाढवा. तोटा असेल तर 'भरून काढायला' बोनस टाकू नका.

आणि टेलिग्रामवर कुणी "50 हजार टाका, महिन्यात दुप्पट" म्हणत असेल, तर पैसे पाठवू नका. पाठवलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

बाजार उद्याही सव्वानऊलाच उघडणार आहे. खोलीभाडं मात्र एक तारखेलाच द्यायचंय.