यंत्राचे सौंदर्य आणि यंत्रामागचा माणूस

परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवितो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे वडील मानवतला एका जिनिंगवर हमाली करीत. रुईच्या १७० किलोच्या गाठी लोटण्यात त्यांची उमर गेली. त्या जिनिंगने एका वर्षी दिनदर्शिका छापली. तीत कापसाचा डोंगर होता, यंत्रांची रांग होती, मालक होते. हमाल नव्हता. तरी वडिलांनी ती आणून भिंतीवर लावली आणि ‘हे आपलं जिनिंग’ म्हणून आल्यागेल्याला दाखविली. मित्तर बेदी यांची छायाचित्रे पाहताना मला ती भिंत आठवते.

मित्तर बेदी (१९२६–१९८५) हे भारतातील औद्योगिक छायाचित्रणाचे प्रवर्तक मानले जातात. जन्म लाहोरचा, कर्मभूमी मुंबई. प्रारंभी समारंभांची, मिळतील ती कामे त्यांनी केली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पोलाद आणि तेल उद्योगांची छायाचित्रे काढणारे अमेरिकन छायाचित्रकार आर्थर डी’आर्झियन त्यांना भेटले आणि बेदींची वाट बदलली. काळही अनुकूल होता. ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४–५५ साली उभे राहिले होते. १९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना अग्रस्थान दिले होते. नव्या राष्ट्राला आपला चेहरा हवा होता. तो बेदींनी टाक्या, नळ आणि पोलादी सांगाड्यांत शोधला. त्यांच्या कृष्णधवल चित्रांत कारखाना एखाद्या मंदिरासारखा भव्य दिसतो. माणूस असलाच तर बहुधा यंत्राची उंची कळावी एवढ्यापुरता.

असे का व्हावे? बेदींना दोष देणे हा माझा हेतू नाही. त्यांची प्रकाशाची जाण असामान्य होती. परंतु औद्योगिक छायाचित्र कंपनीच्या मागणीवरून निघते. ते वार्षिक अहवालात, जाहिरातीत, दिनदर्शिकेत जाते. भागधारकाला भरवसा वाटावा, हे त्याचे काम. घाम, धूळ, खोकला यांनी भरवसा वाटत नाही. म्हणून चौकट कोठे संपवायची हे पैसे देणाऱ्याच्या गरजेने ठरते.

शिवाय यंत्राचे चित्र एक गोष्ट कधीच सांगत नाही: त्या यंत्रापाशी उभे राहण्याची मुभा कोणाला होती? मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाच्या भीतीने सवर्ण कामगार त्यांना दूर ठेवीत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या मागांचे चित्र कितीही सुंदर काढा, हा इतिहास त्यात उमटणार नाही. तो शब्दांनीच जोडावा लागेल.

याच मुंबईत पुढे दुसरा कॅमेरा उभा राहिला. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ साली अकोल्यात झाला. १९८८पासून ते वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढू लागले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी काढलेली चित्रेही कृष्णधवलच आहेत. पण येथे गटारात उतरलेला, कचऱ्याच्या ढिगावर उभा असलेला माणूस चौकटीच्या मध्यभागी आहे. औद्योगिक शहराची ही मागची बाजू. आणि ती उपसणारे बहुसंख्य हात दलितांचे आहेत, हे या चित्रांतून लपत नाही. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या कामगारांच्या हातांत हातमोजे आले का, हा प्रश्न सन्मानाने संपत नाही.

आज माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. मी त्यांना सांगतो, बेदी जरूर पाहा. प्रकाश कसा पकडावा ते त्यांच्याकडून शिका. मग हंगामात मानवत-सेलूच्या जिनिंगवर जा. कापूस वेचून झालेल्या, यंत्रात कापूस लोटणाऱ्या बायांना, हमालांना आधी विचारा, मगच चित्र काढा. चित्राखाली यंत्राच्या नावाआधी त्यांचे नाव, काम आणि मजुरी लिहा, आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचवा.

माझ्या वडिलांचे जिनिंगवरचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. ती दिनदर्शिका मात्र मी जपून ठेवली आहे.