सारोळे : नीरेच्या काठावरचे इतिहासाचे नाके

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी कापूरहोळ आणि किकवी मागे टाकून नीरेच्या पुलावर चढते, तिथे पुणे जिल्ह्याची हद्द संपते. पुलाच्या अलीकडचे गाव भोर तालुक्यातले सारोळे, पलीकडचे खंडाळा तालुक्यातले शिरवळ. महामार्गावरून रोज हजारो प्रवासी इथून जातात, पण फार थोडे थांबतात. खरे तर घाटावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेला नीरा ओलांडावी लागते ती इथेच, आणि आसपासच्या बहुतेक खुणा या उतारामुळेच उभ्या राहिल्या आहेत.

सर्वांत जुनी खूण शिरवळजवळच्या डोंगरात आहे. तिथे १५ बौद्ध लेणी आहेत. त्यांत भिक्षूंच्या राहण्याचे विहार आहेत आणि स्तूप असलेले चैत्यगृहही आहे. कोरीवकाम अगदी साधे, नक्षीचा सोस नाही. प्राचीन काळी अशी लेणी बहुधा व्यापारी मार्गांच्या आसऱ्याने कोरली जात, म्हणजे ही वाटही तितकीच जुनी असणार. शिरवळ गावातली दगडी पाणपोई याच वाटेची पुढची साक्ष देते. जड शिळांचे छप्पर आणि आत बसवलेले दगडी रांजण पाहिले, की तहानलेल्या वाटसरूची चिंता करणाऱ्या त्या अनाम माणसांबद्दल मनात आदर दाटून येतो.

शिरवळच्या नदीकाठी सुभानमंगळ हा भुईकोट होता. आदिलशाहीचा अमीन शिरवळला बसे, त्यामुळे या कोटाला मोठे महत्त्व होते. १६४८ साली फत्तेखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा त्याचा सरदार बाळाजी हैबतराव याने हा कोट बळकावला. शिवाजी महाराजांनी पुरंदरावरून कावजी मल्हार यांना पाठवले. पुरंदर नीरेच्या उत्तरेला आणि कोट दक्षिण काठावर, म्हणजे मावळ्यांना नीरा ओलांडावीच लागली. त्यांनी तटाला शिड्या लावून कोट घेतला आणि हैबतराव लढाईत पडला. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक. आज त्या कोटाचे थोडेच अवशेष उरले आहेत.

सारोळ्याच्या उत्तरेचे कापूरहोळ हे धाराऊ गाडे पाटील यांचे गाव. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणारी ही माउली. तिथून पुढे चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूरचे बनेश्वर लागते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली हे मंदिर बांधले. गर्द झाडीतल्या या शिवालयातली घंटा नीट पाहावी. तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल स्पष्ट दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक.

सारोळ्यातून पूर्वेकडे जाणारा रस्ता म्हस्कोबाच्या वीरला पोहोचतो. तिथली यात्रा माघ पौर्णिमेपासून भरते. पश्चिमेला पंतसचिवांच्या संस्थानाची एकेकाळची राजधानी भोर आहे. तिथला राजवाडा १८६९ सालचा. कोरीव लाकडी खांबांचा त्याचा चौक अनेक चित्रपटांत दिसला आहे. भोरजवळ वेळवंडीवर भाटघरचे धरण आहे. जुने धरण एकोणिसाव्या शतकातले, तर आजचे प्रचंड दगडी धरण १९२८ सालचे. त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव दिले आहे.

भाटघरचे सोडलेले पाणी वेळवंडीतून नीरेत उतरते, सारोळ्याच्या पुलाखालून वाहते आणि वीर धरणात साठते. तिथून डावा कालवा बारामती-इंदापूरकडे आणि उजवा फलटण-माळशिरसकडे जातो. दूरच्या दुष्काळी रानात उभा असलेला ऊस या पाण्यावरच पोसला आहे.

अशा गावाची ओळख केवळ हद्दीच्या फलकापुरती राहू नये. सारोळ्याला मुक्काम ठेवून लेणी, पाणपोई, बनेश्वर आणि भोरचा वाडा दोन दिवसांत निवांत पाहता येतात. शाळांच्या सहली लांबच्या गडांवर जातातच. त्यांनी एकदा इथेही उतरावे. दोन हजार वर्षांचा महाराष्ट्र एका नदीच्या उताराभोवती कसा घडला, हे मुलांना इथे चालता चालता समजेल.