इतकी वर्षे गप्प का?

एखाद्या नामांकित माणसावर त्याच्या हाताखाली काम केलेल्या बाईने गैरवर्तनाचा आरोप केला, की लोकांच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘खरेच असे घडले का?’ हा नव्हे. पहिला प्रश्न असतो, ‘मग इतकी वर्षे गप्प का बसली?’ मी तो प्रथम ऐकला ऑक्टोबर २०१८ मध्ये, आमच्याच घरी. मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि विचारणारी माझी आई होती. ती बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जाते. एवढी शिकलेली, इंग्रजी बोलणारी बाई, तिला कोणाची भीती, असे तिचे म्हणणे होते.

बातमी होती ती श्री. एम. जे. अकबर यांची. ‘संडे’ साप्ताहिक, कलकत्त्याचे ‘द टेलिग्राफ’, पुढे ‘एशियन एज’ अशी एकाहून एक पत्रे नावारूपाला आणणारे हे संपादक त्या वेळी केंद्रात परराष्ट्र राज्यमंत्री होते. पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१७ मध्ये एका इंग्रजी मासिकात, कोणाचे नाव न घेता, एक अनुभव लिहिला होता. १९९३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीसाठी एका संपादकाने त्यांना मुंबईच्या एका बड्या हॉटेलात बोलावले आणि मुलाखत आपल्या झोपण्याच्या खोलीत घेतली. मद्य देऊ केले, जवळ येऊन बसायला सांगितले. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी रमाणींनी ते नाव जाहीर केले. मग आणखी कितीतरी पत्रकार स्त्रिया बोलू लागल्या. अकबर यांनी सारे आरोप खोटे व निराधार म्हटले, अशी भेट झाल्याचेच नाकारले, आणि निवडणुका जवळ आल्या असतानाच हे वादळ का उठले असा उलट सवाल केला. १५ ऑक्टोबरला त्यांनी रमाणींवर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद लावली, १७ तारखेला मंत्रिपद सोडले. फिर्यादीच्या वकीलपत्रावर ९७ वकिलांची नावे होती! प्रत्यक्ष उभे राहणारे मोजकेच होते. पण आकडा लोकांच्या लक्षात राहिला. कोणी त्याला हसले, कोणाला त्याचा धाक वाटला. उलट बाजूने, ‘एशियन एज’मध्ये काम केलेल्या वीसेक स्त्रियांनी आमचेही म्हणणे न्यायालयाने ऐकावे, असे पत्रक काढले.

आता लोक काय म्हणत होते ते पाहू. एवढा विद्वान, एवढी पुस्तके लिहिलेला माणूस असे करील का? तिला प्रसिद्धी हवी असेल. त्याने अंगाला हात तर लावला नाही ना? आणि सगळ्यांत बिनतोड वाटणारा मुद्दा असा, की एवढे झाले तर तिने तीच नोकरी धरली कशी? रमाणींनी ती नोकरी खरोखरच धरली होती. शहरातल्या सुखवस्तू माणसाला हा मुद्दा बिनतोड वाटत असेल. आमच्या घरात पहिली कॉलेजात गेलेली मी. मला तो मुळीच तसा वाटत नाही. पहिली नोकरी हातची जाऊ देणे ही चैन असते, आणि ती करता येईल असे घर प्रत्येकीच्या पाठीशी नसते.

दुसरे असे, की १९९३ साली ही तक्रार करायची कोणाकडे? पोलिसांकडे विनयभंगाचे कलम होते, पण कचेरीच्या आत दाद मागायची जागाच कायद्याने नेमून दिलेली नव्हती. संपादकाविरुद्धची तक्रार शेवटी संपादकाच्याच टेबलावर जाणार! ही जागा निर्माण झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या ‘विशाखा’ निकालाने. आणि तो निकाल ज्या घटनेमुळे आला, ती शहरातली नव्हेच. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. कामाचा भाग म्हणून त्यांनी एक बालविवाह थांबवू पाहिला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद होती. त्या गप्प बसल्या नाहीत. लगेच पोलिसांत गेल्या. तरी १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. अभिनेत्री तनुश्री दत्ता यांचेही तेच. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेली तक्रार त्यांनी २००८ मध्येही केलीच होती. तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही. आरोप अर्थात नाकारले गेले. पण म्हणजे उशिरा बोलली तर ‘इतके दिवस का थांबलीस’, आणि वेळेवर बोलली तर ‘कांगावा करतेस’. मग बाईने बोलायचा मुहूर्त कोणता?

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडले. स्त्रीला आपली तक्रार कोणत्याही व्यासपीठावर, अनेक दशकांनंतरही मांडण्याचा हक्क आहे. समाजात मान असलेला माणूसही लैंगिक छळ करणारा असू शकतो. आणि प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी स्त्रीच्या सन्मानाचा बळी देता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. निकालात रामायण-महाभारताचेही दाखले आहेत. मला त्यांची गरज वाटली नाही. या निकालावरही लोकांचे दोन तट पडले आणि दोन्ही थोडे चुकले. हा खटला अकबर यांच्यावर नव्हताच. तो रमाणींवर होता. त्यांनी बदनामीचा गुन्हा केला नाही एवढे त्यातून ठरले. अकबर यांना कोणी शिक्षा सुनावली नाही, आणि त्यांनी केलेले अपील जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दाखल करून घेतले. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतला फरक बाईची बाजू घेणाऱ्यांनीही विसरता कामा नये.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, हा लेख लिहायचा म्हणून, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेला कायदा मी आईला आणि मावशीला वाचून दाखवत होते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने तक्रार समिती नेमायची. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, एक सभासद बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मावशी ऐकत होती. मधेच म्हणाली, “मी ती दुसरी शेड का सोडली, ठाऊक आहे का तुला?” मला ठाऊक नव्हते. आईलाही नव्हते. मुकादमाशी भांडण झाले आणि भर हंगामात काम सोडले, एवढेच सगळ्यांना माहीत होते. भांडकुदळ म्हणून तिला पुढे दोन ठिकाणी कामही मिळाले नव्हते. त्या मुकादमाचे काय, ते तिने चार वाक्यांत सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. ‘गप्प का बसलीस’ असे मात्र तिने या वेळी विचारले नाही.

मग तिने दोनच गोष्टी विचारल्या. ज्या बाईला लिहिता येत नाही तिने काय करायचे? मी म्हटले, तक्रार लेखी लागते, पण तिला ती लिहून देण्यास मदत करणे हे समितीवर बंधनकारक आहे. आणि मुदत किती? मी वाचून दाखवले: घटनेपासून तीन महिने, कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

“तीन महिने,” आई म्हणाली. “म्हणजे आपला एक हंगाम. हंगाम संपून मजुरी हातात पडल्याशिवाय कोण तोंड उघडणार गं?”