कमांड-लाइन साधनांचे आउटपुट

कमांड-लाइन साधनांचे आउटपुट म्हणजे टर्मिनलवर आज्ञा देऊन चालवलेल्या प्रोग्रामने दिलेले मजकूररूपी फलित. त्याचे वाचक दोन असतात: पडद्यासमोर बसलेली व्यक्ती आणि तेच फलित पुढील कामासाठी घेणारी स्क्रिप्ट. व्यक्तीला ओळीत लावलेले स्तंभ, रंग आणि ‘१.५जी’ अशी आटोपशीर एकके सोयीची वाटतात. स्क्रिप्टला दर वेळी त्याच क्रमाने आणि त्याच विभाजकाने येणारी माहिती लागते. एकाच मजकुराने दोघांचे समाधान करणे क्वचितच साधते.

पार्श्वभूमी

डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइपची सोय केली. त्यामुळे एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट होऊ लागले. मात्र त्रुटीसंदेशही त्याच प्रवाहातून वाहत. परिणामी छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रातून दस्तऐवजाऐवजी त्रुटीसंदेशच जुळून बाहेर पडत. यावर उपाय म्हणून ‘स्टँडर्ड एरर’ हा स्वतंत्र प्रवाह आला. प्रगतीदर्शक पट्टी, इशारे आणि सूचना आजही याच प्रवाहात पाठवण्याचा संकेत आहे.

टर्मिनलची ओळख

आपले आउटपुट टर्मिनलकडे जात आहे की पाइपकडे, हे प्रोग्रामला ‘आयसॅटी’ या फंक्शनद्वारे कळते. ‘एलएस’ ही आज्ञा टर्मिनलवर फाइलींची नावे अनेक स्तंभांत मांडते, पाइपमध्ये मात्र एका ओळीवर एकच नाव देते. ‘ग्रेप’चे रंग ‘ऑटो’ या पर्यायात केवळ टर्मिनलवरच उमटतात. ‘ऑलवेज’ निवडल्यास रंगांचे अदृश्य संकेत मजकुरात मिसळतात आणि पुढील तुलना चुकते. २०१६ पासून ग्नू ‘एलएस’ मोकळी जागा असलेली नावे टर्मिनलवर अवतरणचिन्हांत दाखवते. हा बदल अनेक जुन्या वापरकर्त्यांना रुचला नाही, परंतु पाइपमधील आउटपुट त्याने अबाधित ठेवले, हे महत्त्वाचे.

या पद्धतीची एक मर्यादा आहे: पडद्यावर दिसते ते स्क्रिप्टला मिळेलच असे नाही.

स्थिर स्वरूपाची हमी

‘गिट स्टेटस’चे नेहमीचे आउटपुट माणसासाठी असून त्याचे शब्द आवृत्तीनुसार बदलू शकतात. ‘पोर्सेलिन’ हा पर्याय दिल्यास मात्र आवृत्ती किंवा वापरकर्त्याच्या सेटिंगमुळे न बदलणारे स्वरूप मिळते. (गिटच्या परिभाषेत माणसांसाठीच्या आज्ञांनाच ‘पोर्सेलिन’ म्हणतात, त्यामुळे हे नाव नवख्याला हमखास बुचकळ्यात टाकते.) डेबियनच्या ‘एपीटी’चे आउटपुट पाइपमध्ये दिल्यास स्थिर स्वरूपाची हमी नसल्याचा इशाराच ती देते; स्क्रिप्टसाठी ‘एपीटी-गेट’ वापरणे अपेक्षित असते. ‘डीयू’ने आटोपशीर एककांत दिलेले आकार साध्या संख्यात्मक क्रमाने लावल्यास ‘९००के’ हे ‘१.५जी’पेक्षा मोठे ठरते. म्हणून ‘सॉर्ट’मध्ये अशा एककांसाठी वेगळा पर्याय द्यावा लागला.

फाइलींची नावे

सर्वाधिक हानी येथे संभवते. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट वगळता कोणताही बाइट चालतो. मोकळी जागा आणि नवी ओळसुद्धा. ‘फाइंड’ने शोधलेले ‘जुना अहवाल’ हे नाव ‘एक्सआर्ग्ज’मार्फत ‘आरएम’ या आज्ञेला दिले, तर त्याचे ‘जुना’ आणि ‘अहवाल’ असे दोन तुकडे होतात. चालू निर्देशिकेत ‘अहवाल’ नावाची दुसरी फाइल असेल, तर ती विनातक्रार नष्ट होते. यासाठी ‘फाइंड’ला ‘प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ला ‘०’ हे पर्याय देतात. मग नावे शून्य बाइटने विभागली जातात आणि कोणतेही नाव तुटत नाही.

संरचित आउटपुट

अलीकडील अनेक साधने जेसन स्वरूपातही आउटपुट देतात, उदाहरणार्थ लिनक्समधील ‘आयपी’ आणि ‘एलएसबीएलके’. फ्रीबीएसडीने ‘लिबएक्सओ’ या लायब्ररीचा अवलंब केला. तीत प्रोग्राममधील एकाच लेखनातून साधा मजकूर, एक्सएमएल किंवा जेसन मिळतो.

देवनागरी मजकूर

स्तंभांची जुळणी देवनागरीत विशेष अडचणीची ठरते. ‘पुणे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये चार संकेतांचा असतो आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट व्यापतो. पॉझिक्स मानकानुसार ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा रुंदी बाइटांत मोजते. त्यामुळे दहा रुंदीच्या स्तंभात ‘पुणे’पुढे एकही मोकळी जागा भरली जात नाही, तर रोमन लिपीतील त्याच चार अक्षरी नावापुढे सहा जागा भरल्या जातात. अशा तक्त्यातून ठरावीक स्थानावरील मजकूर कापून घेणारी स्क्रिप्ट अक्षराच्या मधोमधही कापू शकते. स्तंभ टॅबने विभागल्यास हा प्रश्न स्क्रिप्टपुरता सुटतो; पडद्यावरील जुळणी मात्र टर्मिनल आणि फॉन्ट यांवरच अवलंबून राहते.