विकलं काय जातं? टीव्ही, व्हिडिओ आणि जाहिरात

आज आपण एकच प्रश्न घेऊ. फुकट दिसणाऱ्या कार्यक्रमाचे पैसे कोण देतं, आणि त्या पैशात तो नेमकं काय विकत घेतो?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या. तेव्हाचा व्यवहार सरळ होता. साबणाची कंपनी दहा सेकंद विकत घ्यायची. जी जाहिरात लष्कर भागात दिसे, तीच विडी घरकुलातही. म्हणजे विकली जायची ती वेळ.

आता काय बदललं? आपल्या गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण घ्या. होम मैदानावर दुकानदार जागेचं भाडं देतो, पाटी लावतो. येणारा-जाणारा तीच पाटी वाचतो. समजा, जागा देणाऱ्यानेच प्रत्येकामागे एक माणूस लावला. तुम्ही कुठे थांबलात, कशाकडे दोनदा वळून पाहिलंत, हे तो टिपणार. आणि तुम्ही समोर येताच पाटी बदलणार! यूट्यूब, फेसबुक यांचा धंदा साधारण असा आहे. व्हिडिओ सुरू होण्याआधी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. बोली लागते ती वेळेवर नव्हे, तुमच्याविषयीच्या अंदाजावर.

अंदाज पक्का व्हायचा तर माणूस जास्त वेळ थांबला पाहिजे. म्हणून २०१२ साली यूट्यूबने व्हिडिओ कितीदा उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला, याला महत्त्व दिलं. यात फायदाही आहे, तो नाकारू नये. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तो बनवणाऱ्याला मिळतात. साताऱ्याकडच्या मंडळींनी ‘गावाकडच्या गोष्टी’ कुठल्याही वाहिनीचा उंबरठा न झिजवता लोकांपर्यंत नेल्या. शहरातला साधा साडीवालाही थोड्या पैशात जाहिरात करू शकतो.

पैसा कुठे सरकला, हे २०२२ च्या लिलावात दिसलं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांसाठी भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले, तर डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना. पुढे दोन्ही खरेदीदारांचे धंदे एक झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं.

मग बिघडलं कुठे? भिंतीवरची जाहिरात खोटी असेल, तर शेजारी म्हणतो, ‘अहो, हे खरं नाही.’ सार्वजनिक विधानाला सार्वजनिक उत्तर देता येतं. पण फक्त तुम्हालाच दिसलेल्या जाहिरातीला शेजारी उत्तर कसं देणार? त्याने ती पाहिलेलीच नसते. साबणाच्या बाबतीत हे चालून जाईल. औषध, कर्ज आणि मत यांच्या बाबतीत चालणार नाही.

कांट सांगतो, माणसाला केवळ साधन समजू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई सांगितली आहे. त्यामागचा विचार हाच. पण मोठ्यांचं काय? त्यांची संमती घ्यायची असं कायदा म्हणतो. आणि न वाचता दाबलेलं बटण म्हणजे संमती का, हा प्रश्न उरतोच.

तोवर एक करता येईल. आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे राहतात. आज घरी गेल्यावर चार जणांचे फोन शेजारी-शेजारी ठेवा, तोच व्हिडिओ लावा, आणि कोणाला कोणती जाहिरात आली ते एकमेकांना मोठ्याने सांगा. शेजाऱ्याच्या उत्तराला तिथून पुन्हा जागा मिळते.

पुढच्या वेळी आपण ‘संमती’ या कल्पनेकडे वळू.