स्थानस्थ वार्धक्य : एका संज्ञेचा अर्थविचार

वार्धक्य आणि स्थलांतर यांची सांगड भारतीय परंपरेत जुनी आहे. ‘आश्रम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आयुष्याची अवस्था आणि दुसरा निवासाचे ठिकाण. वानप्रस्थाच्या कल्पनेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात : अवस्था पालटली की ठिकाणही पालटावयाचे. आधुनिक मराठीतील ‘वृद्धाश्रम’ या शब्दात ही सांगड टिकून राहिली. मात्र वानप्रस्थातील स्वेच्छा त्यातून गळाली आणि निराधारपणाची छटा त्यास चिकटली. इंग्रजीत गेल्या काही दशकांत रूढ झालेली ‘एजिंग इन प्लेस’ ही संज्ञा नेमकी ही सांगड नाकारते. शक्ती क्षीण झाली तरी माणसास आपले ठिकाण सोडावे लागू नये, हा तिचा आशय होय. तिच्यासाठी ‘स्थानस्थ वार्धक्य’ असा प्रतिशब्द योजता येईल. परंतु तो योजताच प्रश्न उद्भवतो की, येथे ‘स्थान’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे? अमेरिकेतील दोन प्रकारच्या वसाहती पाहिल्या असता या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

पहिला प्रकार अखंड शुश्रूषेच्या संकुलाचा. पेनसिल्व्हेनियातील ग्विनेड येथे क्वेकर पंथीयांनी १९६७ मध्ये सुरू केलेले ‘फोकवेज’ हे त्याचे एक जुने उदाहरण. अशा संकुलात एकाच आवारात तीन पायऱ्या असतात : स्वतंत्र घरे, दैनंदिन कामांत साहाय्य मिळणारी निवासस्थाने आणि शुश्रूषागृह. प्रवेशाच्या वेळी मोठी रक्कम आणि त्यानंतर मासिक शुल्क द्यावे लागते. करारही सर्वत्र एकसारखे नसतात. काही करारांत शुश्रूषा वाढली तरी शुल्क फारसे वाढत नाही. काहींत ठरावीक मर्यादेपर्यंतच सवलत मिळते. आणि काहींत प्रत्येक सेवेचे मोल त्या त्या वेळी चुकवावे लागते. येथे ‘स्थान’ म्हणजे आवार. रहिवाशाने आवार सोडावयाचे नसते. परंतु आपले घर, आपली खिडकी, आपला शेजार मात्र त्यास सोडावा लागू शकतो.

दुसरा प्रकार कोणी ठरवून वसविलेला नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील ‘पेन साउथ’ ही सहकारी गृहसंस्था वस्त्रकामगारांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९६२ मध्ये उभी राहिली. तीत दहा इमारती आणि २,८२० घरे आहेत. तरुण कुटुंबे तेथे आली, राहिली आणि तेथेच वृद्ध झाली. अशा वस्त्यांना विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल हंट यांनी १९८० च्या दशकात ‘नैसर्गिकरीत्या घडलेली निवृत्तांची वसाहत’ अशा अर्थाचे नाव दिले. पेन साउथमध्ये १९८६ साली समाजसेवक व परिचारिका यांच्या सेवा वसाहतीतच उपलब्ध करून देण्यात आल्या. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा कार्यक्रमांस कायद्याचा आधार दिला. येथे ‘स्थान’ म्हणजे प्रत्यक्ष घर. आणि माणसाऐवजी सेवा स्थलांतर करते. शिवाय रहिवासी हा संस्थेचा सभासदच राहतो. ‘स्थान’ या मराठी शब्दाचा ‘प्रतिष्ठा’ हा जो दुसरा अर्थ, तोही येथे अबाधित राहतो.

याचा अर्थ दुसरा प्रकार सर्वथा श्रेष्ठ असा नव्हे. घरे दाट वसलेली असतील, तरच थोड्या सेवकांना पुष्कळांपर्यंत पोहोचता येते. स्मृतिभ्रंश बळावून अहोरात्र देखरेखीची गरज भासू लागली, म्हणजे अशी विरळ सेवा अपुरी पडते. उलट, संकुलात ती देखरेख आवारातच मिळते आणि पतिपत्नींपैकी एकास शुश्रूषागृहात जावे लागले, तरी दुसऱ्यास चालत जाऊन भेटता येते. दोन्ही व्यवस्था काही राखतात आणि काही सोडतात. एकच संज्ञा दोहोंस लावल्याने हा भेद झाकला जातो.

महाराष्ट्रातही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र गृहप्रकल्प उभे राहिले आहेत. केंद्र शासनाने २०१९ मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये चाकांची खुर्ची जाऊ शकेल अशी लिफ्ट, न्हाणीघरातील आधाराचे दांडे इत्यादी किमान निकष ठरवून दिले. वास्तूचे निकष असे मोजता येतात. ‘अखेरपर्यंत येथेच’ या आश्वासनाचा अर्थ मात्र शब्दांवरच अवलंबून असतो. करारावर सही सत्तराव्या वर्षी होते आणि त्यातील शब्दाची कसोटी पंच्याऐंशीव्या वर्षी लागते. त्या वेळी सही करणारा अर्थासाठी भांडण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

म्हणून मराठीत एका संज्ञेऐवजी दोन संज्ञा वापरणे इष्ट ठरेल : घर न सुटणारे ते ‘स्वगृही वार्धक्य’ आणि आवार न सुटणारे ते ‘संकुलस्थ वार्धक्य’. त्यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे करारात प्रारंभीच स्पष्ट झाले, तर पंच्याऐंशीव्या वर्षी त्या अर्थासाठी वाद घालण्याची वेळ येणार नाही.